डोक्यावरची कौलं

माणूस आपल्या डोक्यावरच्या छपराकडे एकदाच बघतो, ते गळायला लागल्यावर. आम्ही मात्र उन्हाळाभर वरच असायचो. मी कौलं शाकारणारा. हा शब्द आता माझ्या नातवंडांनाही समजावून सांगावा लागतो. पावसाळ्याच्या आधी छपरावरची कौलं उतरवायची, ती ज्या लाकडी पट्ट्यांवर बसतात त्या रिपा तपासायच्या, कुजलेल्या काढून नव्या ठोकायच्या, कौलं झाडायची, चिरकी बाजूला काढायची आणि बाकीची पुन्हा वळचणीपासून माथ्यापर्यंत ओळीने चढवत न्यायची. याला शाकारणी म्हणतात. ऐकायला सोपी वाटते. उन्हात तापलेल्या कौलांवर अनवाणी चालून बघा, म्हणजे कळेल.

गुढ्या उतरल्या की आमचा हंगाम सुरू व्हायचा आणि मृग लागला की संपायचा. लालबाग-परळच्या चाळी, गिरगावातली लाकडी गॅलऱ्यांची घरं, दादरची दुकानं, सगळ्यांना आमची आठवण एकाच वेळी यायची. चाळींना कौलं, गॅलऱ्यांना पावसाची झड अडवायला डांबर लावलेले बांबूचे तट्टे, दुकानांना पत्रे आणि ताडपत्री. दुकानांच्या मोठमोठ्या पाट्यासुद्धा आम्ही उतरवून ठेवायचो, कारण वादळात पाटी सुटली की ती कुणाच्या डोक्यात पडेल याचा नेम नसतो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. गिरगावात एक काकू होत्या. ऐन मेच्या मध्यावर त्यांच्या पत्र्यावर कुरडया वाळत घातलेल्या असायच्या आणि त्या वाळेपर्यंत वर कुणी पाय ठेवायचा नाही, असा त्यांचा हुकूम. मी म्हटलं, "काकू, आभाळ भरून आलंय." त्या म्हणाल्या, "माझ्या कुरडया त्याच्या आधी वाळतात, दरवर्षी वाळतात." आम्ही त्या वर्षी कुरडयांच्या भोवतीने काम केलं आणि कावळेही हाकलले. काम संपल्यावर त्यांनी आम्हाला तळलेल्या कुरडया दिल्या, त्या मात्र मोजून.

हिंदमाताला एक कापडवाले शेठ होते. पत्रे बसवून झाले की ते वर पाण्याचा पाइप सोडायला लावायचे आणि स्वतः पांढऱ्याशुभ्र कपड्यांत खाली साड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये उभे राहायचे. "थेंब पडला तर पुढच्या वर्षी तोंड दाखवू नकोस," म्हणायचे. पाणी अर्धा तास चालायचं. मी वर पत्र्यावर देवाचं नाव घेत बसायचो. थेंब कधी पडला नाही, हे मी आजही छाती फुगवून सांगतो.

आमच्या धंद्यात लिखापढी नव्हती, रिवाज होते. सगळे कोकणातून वर आलेल्या जुन्या मिस्त्रींचे. माथ्यावरचं शेवटचं कौल बसवण्याआधी नारळ फोडायचा. दुसऱ्याने अर्धं टाकलेलं काम त्याला विचारल्याशिवाय पुरं करायचं नाही. आणि शाकारणाऱ्याच्या राहत्या खोलीवर दुसऱ्या शाकारणाऱ्याने, त्याच्या तोंडच्या शब्दाशिवाय, चढायचं नाही. माझे गुरू म्हणायचे, ते म्हणजे दुसरीच्या स्वयंपाकघरात शिरून तिच्या डाळीत मीठ घालण्यासारखं आहे. हे रिवाज आम्ही पाळायचो, आणि ते आमच्याखेरीज दुसऱ्या कुणाला ठाऊक नाहीत, अशी माझी समजूत होती.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो, त्याच्याकडे वळतो. मला आयुष्यात एकाच माणसाचा हेवा वाटला. तो शेजाऱ्याचा नाही, सावकाराचा नाही, तर वरळीच्या कोळीवाड्यातल्या धर्मा नाखव्याचा.

नाखवा म्हणजे होडीचा धनी. पण याची होडी वाटणीत भावाकडे गेली आणि हा आमच्या धंद्यात उतरला. कोळी माणूस, कौलांचं याला काय कळणार, असं आम्ही सगळे मिस्त्री चहाच्या दुकानात बसून म्हणायचो. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आज सभा, उद्या मोर्चा, परवा हरताळ. एकदा ऐन हंगामाच्या तोंडावर हरताळ पडला आणि माझे तट्टे आणि काथ्याची बंडलं भायखळ्याला अडकून पडली. गाडीवाला हात जोडून म्हणाला, "मिस्त्री, गाडी काढली तर लोक मला सोडणार नाहीत." त्याचंही बरोबर होतं. दोन दिवसांनी बघतो तर परळच्या एका चाळीवर नाखवा तट्टे बांधतोय. रस्ते बंद होते, समुद्र बंद नव्हता. भावाच्या होडीतून याने माल शिवडीच्या किनाऱ्याला उतरवला होता. हरताळही मोडला नाही आणि कामही अडलं नाही. लोकांना तेच किती आवडलं! आणि मोर्चात बघावं, तर हा पहिल्या रांगेत. 'मुंबई आमची' म्हणून त्याने आवाज दिला की मागच्या टोकापर्यंत जायचा. समुद्रावर हाका मारून कमावलेला गळा तो. मी त्याच्या मागेच कुठेतरी ओरडत असायचो आणि माझा आवाज मलाही ऐकू यायचा नाही.

मोर्चाचं सोडा. मला खरा सलला तो त्याचा हात. आम्ही मिस्त्री पावसाचा विचार करायचो, तो वाऱ्याचा करायचा. छपराला वारा वरून दाबत नाही, वळचणीखाली शिरून खालून उचलतो, हे आम्हालाही माहीत होतं. पण आम्ही वळचणीच्या ओळीवर एखादी वीट ठेवून मोकळे व्हायचो. नाखवा त्या ओळीतलं एकेक कौल खालच्या रिपेला बांधायचा. कौलाच्या पोटाशी भोक असतं, त्यातून दोरी ओवायची आणि होडीवर मारतात तसली गाठ मारायची. ती गाठ ओढ बसली की आणखी आवळते. मी घरी गुपचूप सुतळी घेऊन ती मारायचा प्रयत्न केला. बायकोने विचारलं, "काय करतास?" मी म्हटलं, "काही नाही, गाठोडं बांधतोय." ते गाठोडंही सुटलं.

मी राग आला की आदर वाढवतो. नाखवा माझ्याहून वयाने लहान, तरी मी त्याला मुद्दाम अहोजाहो करायचो. त्याला त्यातली मेख कळायची नाही. तो आपला हसून "काय मिस्त्री, बरं हाय ना?" म्हणायचा आणि माझा दिवस फुकट जायचा.

अशात महाराष्ट्र मंगल कलशासकट यायचं वर्ष उजाडलं. एक मेला रोषणाई करायची म्हणून सारी लालबाग पेटून उठली होती. मी राहायचो लालबागच्याच एका चाळीत, तिसऱ्या माळ्यावर, थेट कौलांखाली. चाळीची शाकारणी दरवर्षी माझीच. फक्त ती शेवटी व्हायची, हे खरं. घरचंच काम, कुठे पळून जाणार? चाळीचे अध्यक्ष तात्या, गिरणीत जॉबर म्हणजे मुकादम, त्यांनी फाल्गुनातच मला हाक मारली.

"मिस्त्री, यंदा कौलं एक मेच्या आधी झाली पाहिजेत. वर दिव्यांच्या माळा सोडायच्या आहेत. नंतर पोरं चढली, कौलं फुटली, तर पावसाळ्यात आम्ही कुणाच्या नावाने ओरडायचं?"

"करतो तात्या."

"करतो करतो म्हणता आणि मृग येतो. मागच्या साली वाघमाऱ्यांच्या बाळंतिणीवर पाणी पडलं तेव्हा तुम्ही गिरगावात होतात."

यंदाही मी गिरगावातच अडकलो. मोठं घर होतं, माल चोरीला जायचा म्हणून मी तिथेच गॅलरीत झोपत होतो. बायको मुलांना घेऊन गावाला गेलेली, खोलीला कुलूप. एप्रिलच्या अखेरीस अंघोळीला म्हणून चाळीत आलो, तर अंगणात कौलांच्या चळती लावलेल्या आणि वर माथ्यावर, आभाळाच्या कडेला, धर्मा नाखवा बसलेला. मला बघून त्याने हात हलवला.

मी तात्यांच्या दारात गेलो. ते शांतपणे म्हणाले, "तुमची वाट बघून बघून थकलो, मिस्त्री. राग मानू नका."

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. माझं तर पिकलं तिथेच दुसऱ्याने दुकान मांडलं. सगळ्या गिरगावात लोक ज्याची वाट बघायचे, त्याच्या डोक्यावर कोळीवाड्यातला माणूस कौलं चढवतोय! त्या दिवशी मी अंघोळ न करताच परत गेलो. जिन्यातून उतरताना प्रत्येक दारातली माणसं माझ्याकडे बघताहेत असं मला वाटत होतं, आणि काही खरोखरच बघत होती.

एक मेची रात्र मोठी सुंदर झाली. चाळीवर दिव्यांच्या माळा, रस्त्यात लेझीम, पेढे. मीही नाचलो, का नाचू नये? राज्य माझंही होतं. पण मान वर केली की दिव्यांच्या उजेडात कौलांच्या सरळ ओळी दिसायच्या आणि पेढा कडू व्हायचा.

जूनमध्ये बायको गावाहून आली आणि पाऊसही आला. इथून माझे हाल सुरू झाले. पाऊस पडला की चाळीतल्या बाया घरातली भांडी हातात घेऊन उभ्या राहायच्या, ही आमची जुनी सवय. यंदा त्या भांडी घेऊन उभ्या राहिल्या आणि थेंब पडेना. वाघमारे वहिनी गॅलरीत येऊन सांगायला लागल्या, "पातेलं रिकामं, बाई! पहिल्यांदा पावसात झोप लागली." आमची बायको तर छताच्या फळ्यांकडे बघून देवाला बघावं तशी हात जोडायची.

"यंदा एक थेंब पडूक नाय हां!" ती म्हणाली. "कोण तो नाखवो, हात हा त्याचो!"

"पावसाला जोर कुठे आहे अजून," मी म्हटलं.

जोर आला. आषाढात तर पाऊस थांबेचना. मी अंथरुणात पडून कान लावायचो. खरं सांगतो, आपलं घर गळावं म्हणून देवाजवळ मागणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी तो होतो. भिंतीला हात लावून बघायचो, ओल नाही. फळ्यांच्या सांध्यात बोट घालून बघायचो, कोरडं. मला एकच थेंब हवा होता. एक थेंब पडला असता तर मी तात्यांना बोलावून म्हणालो असतो, बघा, हा तुमचा नाखवा. एका थेंबाने माझी चाळ मला परत मिळाली असती.

मग श्रावणाच्या सुरुवातीला ते वादळ आलं. दुपारीच अंधारलं. समुद्राकडून वारा असा सुटला की लालबागच्या नाक्यावर एका दुकानाचा पत्रा रस्त्यावरून धावत गेला आणि लोक दोन्ही बाजूंना पळाले. मी आधी हिंदमाताला धावलो. शेठ दुकानात मध्यभागी उभे, हात छातीशी. पत्रे जागच्या जागी होते. मला बघून ते नुसतं "हं" म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांनी केलेलं तेवढंच कौतुक. चिंब भिजून घरी आलो, कपडे बदलले आणि जेवायला बसलो. बायकोने भात वाढला, त्यावर आमटी घातली आणि आमटीत टप्प करून थेंब पडला.

मी वर बघितलं. दुसरा थेंब माझ्या कपाळावर पडला.

आनंद म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. राज्य आलं तेव्हाही एवढा झाला नव्हता. बायको पातेलं आणायला उठली तर मी तिचा हात धरला. "ठेव. राहू दे. पडू दे." आणि तसाच उष्ट्या हाताने गॅलरीत जाऊन ओरडलो, "तात्या! अहो तात्या! या जरा वर!"

तात्या आले, वाघमारे आले, अर्धा माळा आला. सगळे आमच्या खोलीत दाटीवाटीने उभे राहून वर बघत होते. थेंब ताटात पडतच होता. मी म्हटलं, "मी काही बोलत नाही. तुम्हीच बघा." तात्यांचा चेहरा पडला. मला तो चेहरा अजून आठवतो आणि अजून बरा वाटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप देऊन नाखव्याला बोलावलं. पाऊस उघडला होता. तो डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन वरळीहून चालत आला. सगळे पुन्हा जमले. मी आदर अगदी वरच्या पट्टीत लावला. "या नाखवासाहेब. बघा आपली कारागिरी."

त्याने वर बघितलं, खाली ताटलीत साठलेलं पाणी बघितलं आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "मिस्त्री, ही कवलां माझी नाय."

"म्हणजे?"

"तुमचे खोलीवरची कवलां मी काढलीच नाय. तुमच्याच हातची हाईत ती. तुमी मिस्त्री मानूस, तुमचे डोक्यावर तुमचे सांगितल्याबिगर मी कसा चढू?"

त्याला आमचा रिवाज ठाऊक होता. धंद्यात यायच्या आधी कुठल्याशा जुन्या मिस्त्रीकडे बसून तो नुसता शिकला होता, विचारत होता, ऐकत होता. आणि जवळजवळ तीन महिने तो कुणाला काही बोलला नव्हता, कारण ते बोलणंही रिवाजात बसत नव्हतं. गळत होतं ते माझंच काम. ज्या थेंबाची मी इतके दिवस वाट बघितली, तो माझ्याच कौलातून माझ्याच ताटात पडला होता.

आता त्याला वर चढवायचं तर मी तोंडाने सांगायला हवं होतं. सगळी चाळ माझ्या तोंडाकडे बघत होती. बायको बघत होती. मी म्हटलं, "नाखवा, चढा वर." एवढंच. एवढं बोलायला मला जेवढं बळ लागलं तेवढं कुठल्याही उंच छपरावर चढायला लागलं नव्हतं.

तो चढला. खोलीवरची सगळी कौलं काढून त्याने शाकारणीतून उरलेली, अंगणात पडलेली चांगली कौलं बसवली, एकेक बांधली. उतरताना एक जुनं कौल हातात घेऊन आला. त्याला आडवी चीर गेलेली आणि तिच्यावर चुन्याचा लेप, आषाढभर टिकलेला पण वादळात उकललेला. त्याने ते तात्यांना दाखवलं.

"बगा, वरची समदी अशीच व्हती, चिरकी. चांगली कवलां मिस्त्रींनी तुमचे डोक्यावर घातली नि फुटकी आपले. मी एवढ्या चाळी केल्या, असा मानूस नाय बगितला."

ते खरंच होतं. मी दरवर्षी तेच करायचो. माझी खोली, कधीही डागडुजी करता येईल, म्हणून उरलीसुरली चिरकी कौलं मी स्वतःवर घालायचो. त्यात मोठेपणा काही नव्हता, सवय होती. पण नाखव्याने सांगितलं आणि वाघमारे वहिनींनी तोंडाला पदर लावला. तात्या पुढे येऊन म्हणाले, "मिस्त्री, पुढच्या साली चाळ तुमची. उशीर झाला तर झाला." नाखव्याने मान हलवली, जणू त्याला हेच हवं होतं.

फक्त एक माणूस खूश नव्हता. बायको म्हणाली, "म्हंजे इतकी वर्सां माझ्या डोक्यार फुटकी कौलां? लोकांच्या बायका सुक्या, नि माका भिजत ठेवलात?" पुढचे आठ दिवस तिने मला आमटी वाढली, पण बोलली नाही.

माझी चाळ मला परत मिळाली होती. माझं नाव झालं होतं. पण ते केलं कुणी? त्याने. मी स्वतःचा चांगुलपणा कधी सांगितला नव्हता, कारण तो मला माहीतच नव्हता. तोही त्याने माझ्या छपरावर चढून शोधून काढला आणि खाली आणून लोकांना दाखवला. ज्याच्यावर जळावं त्याचेच आभार मानायची पाळी आली, आणि मी ते मानले नाहीत. नुसतं "चहा घेणार?" म्हटलं. तो म्हणाला, "घेऊ की."

पुढच्या साली मी आमच्या चाळीला सगळ्यांत आधी हात घातला. गिरगावच्या काकूंना सांगितलं, कुरडया वाळू देत, मी नंतर येतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कौलं उतरवली, रिपा बदलल्या, नाखव्यासारखी वळचण बांधायचा प्रयत्नही केला. मग माझ्या खोलीवर आलो. तिथे त्याचं काम होतं. माझ्या डोक्यावरची कौलं, त्यांच्यावर मी हक्काने चढू शकत होतो. मी तिथे बराच वेळ उकिडवा बसलो. वर्षभराच्या उन्हापावसात एकही गाठ सैल झाली नव्हती. कौलं उतरवायची तर गाठी कापाव्या लागल्या असत्या, आणि तशा मला पुन्हा मारता आल्या नसत्या. मी वरचा पालापाचोळा झाडला आणि पुढच्या खोलीकडे गेलो.

त्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मुसळधार लागली होती. चाळीत कुठेसं एक पातेलं वाजत होतं. आमच्या खोलीत मात्र सगळं कोरडं. बायकोने भात वाढला, आमटी घातली, एकदा वर फळ्यांकडे बघितलं आणि कधी नव्हे ती कौतुकाने म्हणाली, "बघा, औंदा एक थेंब नाय. शेवटाक तुमचो हात तो तुमचोच. तो नाखवो काय करतलो तुमच्याफुडे!"

हे शब्द ऐकण्यासाठी मी वर्षानुवर्षं जीव टाकला होता. मी मान खाली घातली, आमटीभात कालवला आणि मला पुन्हा त्याचाच हेवा वाटला.